श्वेत बटूची कमाल वस्तुमान-मर्यादा आणि क्वांटम गुरुत्व: प्रकल्पासाठी कोणती वाट धरावी?

एमएस्सीच्या प्रकल्पात श्वेत बटूला (सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर उरणारा दाट गाभा) क्वांटम गुरुत्वाची दुरुस्ती लावायची असं ठरलं की पहिला पेच पडतो तो बीटाच्या चिन्हाचा. लांबीला एक किमान सीमा असावी या कल्पनेतून अनिश्चिततेच्या तत्त्वात (स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक कळत नाहीत) संवेगाच्या अनिश्चिततेचा वर्ग असलेलं एक जादा पद येतं, त्याचा गुणक म्हणजे बीटा. तो धन घ्यायचा की ऋण? आणि गुरुत्वाकर्षण न्यूटनचं की आइन्स्टाइनचं? माझं मत आधीच सांगतो: धन बीटा घ्या, पण सामान्य सापेक्षतेला, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाला, सोबत घेऊनच.

कमाल वस्तुमानाचा मूळ हिशेब चंद्रशेखर यांचा. तारा दाबला जातो तसे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, दाब घनतेच्या ४/३ व्या घाताने वाढू लागतो आणि सुमारे १.४४ सौरवस्तुमानाला तो गुरुत्वापुढे हरतो.

धन बीटा नेमका इथेच हात घालतो. संवेग जास्त असेल तिथे इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या जागा (१ + बीटा × संवेगाचा वर्ग) च्या घनाने भागल्या जातात. इलेक्ट्रॉनांची संख्या काढणारं संकलन हातानेच करून बघा. संवेग अनंताकडे नेला तरी उत्तर एका ठरावीक आकड्यावर थांबतं. म्हणजे घनता अडते, पण दाब चढतच राहतो. न्यूटनच्या गुरुत्वात असा तारा कितीही जड झाला तरी कोसळत नाही. रशिदी यांनी २०१६ मध्ये हेच दाखवलं: दुरुस्ती केली आणि मर्यादाच नाहीशी झाली.

ऋण बीटाने ती परत येते, हे येन चिन ओंग यांनी २०१८ मध्ये मांडलं. गणित सुटसुटीत आहे आणि वेळ कमी असेल तर ही वाट वाईट नाही. पण किंमत मोठी आहे. प्लांक संवेगाच्या (क्वांटम गुरुत्व प्रबळ होतं त्या प्रचंड संवेगाच्या) आसपास अनिश्चिततेची खालची सीमा शून्यावर येते, आणि किमान लांबीची जी कल्पना आपल्याला या दुरुस्तीकडे घेऊन आली तीच हातची जाते. मला हा सौदा पटत नाही.

तिसरी वाट गुवाहाटी आयआयटीच्या मॅथ्यू आणि नंदी यांची, २०२१ ची. बीटा धनच ठेवून त्यांनी ताऱ्याच्या स्थैर्याचा विचार सामान्य सापेक्षतेत केला. घनता अडण्याची वेळ येण्याआधीच तारा अस्थिर होतो, त्यामुळे मर्यादा टिकते. चिन्हाशी खेळ न करता ज्ञात भौतिकशास्त्रातूनच उत्तर निघतं, म्हणून मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. मेहनत जास्त, हे खरं. समतोलाचं समीकरण सोडवून भागत नाही, अरीय (त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या) कंपनांचाही हिशेब करावा लागतो.

आता ही दुरुस्ती केवढी, हा प्रश्न. अस्थिरतेच्या उंबरठ्यावर घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.३ × १० चा १० वा घात ग्रॅम असते आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १२ एमईव्ही (मिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्ट). प्लांक ऊर्जेशी तिचं गुणोत्तर १० चा उणे २१ वा घात, त्याचा वर्ग १० चा उणे ४२ वा घात. बीटा प्लांक एककांत १ धरला तर दुरुस्ती एवढीच.

त्यामुळे तुम्हाला प्रत्यक्ष निरीक्षणांशी आकडे जुळवायचे असतील, तर क्वांटम गुरुत्व बाजूला ठेवा. तारा कार्बनऐवजी लोखंडाचा धरला तर मर्यादा १.२५ च्या आसपास उतरते. कार्बनसाठी अणुकेंद्रं आणि इलेक्ट्रॉन यांच्यातल्या विद्युत आकर्षणाचा परिणाम धरला की ती १.४ होते. झेडटीएफ जे१९०१+१४५८ या जवळपास १.३५ सौरवस्तुमानाच्या, जेमतेम २१०० किलोमीटर त्रिज्येच्या श्वेत बटूचा अभ्यास करताना हेच परिणाम कामी येतात.

मर्यादा मुळात का असते हा प्रश्न खुणावत असेल तर मात्र तिसरी वाट धरा. कोड लिहिताना आधी बीटा शून्य ठेवा. सापेक्षतेसह १.४२ च्या जवळ उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका. मग आलेखात फरक दिसावा म्हणून प्लांक एककांत १० चा ४० वा घात एवढा बीटा घ्या, आणि तो मुद्दाम फुगवला आहे हे आलेखाखाली ठळक लिहा.