मास स्पेक्ट्रोमेट्री सेवा: ३५ च्या खाली राहून गेलेले शिखर

मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे रेणूंचे आयन करून त्यांचे आणि त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून घेण्यासाठी, एका विश्लेषण प्रयोगशाळेकडे आम्ही तीन नमुने पाठवले होते. त्यांपैकी दोन नमुन्यांत काय आहे हे आम्हाला आधीच ठाऊक होते. नव्या ठिकाणची सेवा जोखायला याहून सरळ मार्ग नाही.

पहिला नमुना हेक्झॅन-२-ओन या कीटोनचा होता आणि त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे आयन किती आले हे शिखरांनी दाखवणारा आलेख, निर्दोष आला. सेंद्रिय रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, तर उपकरणात रेणूंवर आदळणारे इलेक्ट्रॉन ७० चे असतात. वरच्या ऊर्जेचा काही भाग रेणूत शिरतो आणि त्याचे तुकडे पाडतो. हे तुकडे कसेही पडत नाहीत. कार्बोनिललगतचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाशेजारचा) बंध तुटून मोठा ब्यूटिल मूलक निघून गेल्यामुळे ४३ चे शिखर सर्वांत उंच होते, गॅमा (कार्बोनिलपासून तिसऱ्या) कार्बनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनकडे सरकून प्रोपीन बाहेर पडल्यामुळे ५८ चे त्याखालोखाल, आणि न मोडलेला रेणू-आयन १०० वर, बुटका पण स्पष्ट. अहवालात ५८ देणाऱ्या या हायड्रोजनच्या सरकण्याची, म्हणजे मॅकलॅफर्टी पुनर्रचनेची, नोंदही होती, हे पाहून बरे वाटले.

दुसऱ्या नमुन्यात मात्र घोळ झाला. पेंटॅन-१-ऑल हे अल्कोहोल पाठवले असताना अहवालात पेंटीन हे अल्कीन लिहून आले. प्राथमिक अल्कोहोलचा रेणू-आयन फारसा टिकत नाही. पाणी टाकून तो ८८ वरून ७० वर येतो आणि उरलेला वर्णपट अल्कीनसारखाच दिसतो. या दोघांत फरक दाखवणारे शिखर ३१ चे, म्हणजे हायड्रॉक्सिल धारण करणाऱ्या टोकाच्या कार्बनचे. पण हवेतील नायट्रोजन-ऑक्सिजनचा त्रास टाळण्यासाठी त्यांनी स्कॅन ३५ पासून सुरू केला होता, त्यामुळे ते नोंदलेच गेले नाही. संगणकाने समोर आलेली शिखरे साठवलेल्या वर्णपटांशी जुळवली, त्याला दोष देता येत नाही. तथापि पेंटीन ३० अंशांना उकळते आणि पेंटॅनॉल १३८ अंशांना. स्पेक्ट्रोमीटरआधी पदार्थ साधारण उकळबिंदूनुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून इतक्या उशिरा बाहेर आलेला पदार्थ पेंटीन कसा असेल, ही शंका अहवालावर सही करणाऱ्याला यायला हवी होती.

कळवल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता २९ पासून पुन्हा स्कॅन घेतला आणि ३१ चे शिखर ठळक दिसले. शिवाय नमुन्याचा ट्रायमिथाइलसिलिल ईथर (हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनजागी सिलिकॉनचा गट बसवलेले रूप) करून, मिथिल गमावल्यावर येणारे १४५ चे शिखरही त्यांनी आपणहून दाखवले.

तिसरा, न उकळणारा नमुना इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे द्रावणाच्या विद्युतभारित फवाऱ्यातून आयन मिळवून, तपासला गेला. प्रोटॉन जोडलेला आयन आणि त्याहून २२ एकके वर सोडियम जोडलेला, दोन्ही बिनचूक ओळखले होते. टक्करीने केलेले विखंडन तीन वेगवेगळ्या ऊर्जांना दिले होते.

काम पुन्हा त्यांच्याकडेच देऊ. नमुन्यासोबतच्या अर्जात स्कॅनच्या खालच्या मर्यादेसाठी रकाना नाही; ती आम्ही शेऱ्यात लिहून देतो.