मराठीतली ख्रिस्ती पुस्तकं : काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

डिसेंबर जवळ आला की मंडळीतलं कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "ताई, नाताळला भेट द्यायला एखादं चांगलं ख्रिस्ती पुस्तक सांगा ना." आमच्या चर्चमधल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते म्हणून लोकांना वाटतं हिला सगळं माहिती. सगळं काही माहिती नाही, पण कुठलं पुस्तक हातोहात फिरून खिळखिळं होऊन परत येतं आणि कुठलं नेलं तसं करकरीत परत येतं हे मात्र दिसतं. आणि त्यावरून माझं पक्कं मत झालंय की आपले लोक वाचतात ती मुळात मराठीत लिहिलेली पुस्तकं आणि विकत घेतात ती इंग्रजीतून घाईघाईने उतरवलेली. हे असं उलटं का होतं? तर दुकानात आणि स्टॉलवर समोर तीच मांडलेली असतात, गुळगुळीत कव्हर, मागे लेखकाचा सुटाबुटातला हसरा फोटो, आणि किंमत पण फार नाही, मग घेतो माणूस.

आधी बायबल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. "बायबल द्या" म्हणून चालत नाही, कुणासाठी हवंय ते आधी ठरवा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं नेहमीचं पवित्र शास्त्र, जे पुलपिटावर असतं आणि ज्यातलं तेविसावं स्तोत्र आपल्या सगळ्यांना झोपेत पण म्हणता येतं, ते घरात एक असायलाच हवं, त्यात दुमत नाही. पाठांतर त्यातूनच होतं, पाळक साहेब वचन सांगतात तेव्हा बोट ठेवून शोधायला तेच बरं पडतं. पण कॉलेजच्या पोराला किंवा नुकतंच वाचायला लागलेल्या माणसाला तीच प्रत दिली की पौलाच्या पत्रांपाशी गाडी अडते, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. त्यांच्यासाठी सोसायटीचीच सोप्या भाषेतली आवृत्ती घ्या. नाहीतर सरळ फोनवर यूव्हर्जनचं बायबल अॅप टाका, फुकट आहे, त्यात मराठीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. दुकानात जायच्या आधी रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय दोन आवृत्त्यांमधून वाचून बघा, कुठली आपल्याला झेपते ते तिथल्या तिथे कळतं.

आता वसई-विरारकडे किंवा गोव्यात कॅथलिक नातेवाईक असतील (आमच्याकडे लग्नामुळे झालेत) तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबित, यहूदिथ, मक्काबी वगैरे 7 पुस्तकं आपल्या प्रतीत नसतात. त्यांच्या मुलांच्या दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) हौसेने सोनेरी कडांचं बायबल द्यायचं आणि मग त्यांच्या मिस्सातला (चर्चमधल्या उपासनेतला) पाठ त्यात सापडतच नाही, असं होतं. दुकानदार आपणहून सांगत नाही. अनुक्रमणिका उघडून मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि अक्षर! अक्षराचा आकार बघितल्याशिवाय बायबल घेऊच नका. झिपवालं, पर्समध्ये मावणारं, गोंडस बायबल बघून सगळे भाळतात आणि ते आजीला देतात, आजी बिचारी आशीर्वाद देते आणि उशाशी ठेवते, वाचत नाही, कारण त्या अक्षराला भिंग लागतं. पातळ कागद असतो त्यामुळे मागच्या पानाची छपाई पुढे दिसते, जोडाक्षरं तर नुसते काळे ठिपके. दुकानातल्या पांढऱ्या लख्ख लाइटखाली सगळंच वाचता येतं, म्हणून मी प्रत हातभर लांब धरून 1 इतिहासाच्या सुरुवातीचं एखादं पान वाचून बघते, तिथे नावांची गर्दी असते, ती सुटी सुटी दिसली तर घ्यायचं. मोठ्या अक्षरातली प्रत जड असते पण वयस्कर लोक टेबलावर ठेवूनच वाचतात, त्यामुळे जड असली तरी चालते.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर पण लोक विचारतात. हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून एका बाईने अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून आलं, आणि छापलं पण मुक्तीतल्या बायकांनीच. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेला ते घेऊ नका असं मी सांगेन, शब्दाला शब्द असं आहे त्यामुळे वाचताना ठेचा लागतात. अभ्यासाला शेजारी ठेवायला मात्र उत्तम, मूळ वाक्याची ठेवण कशी असेल याचा अंदाज त्यातून येतो. याच्या अगदी उलट फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', राजहंस प्रकाशनाचं. आजची मराठी, वाहती, आणि बायबल कधी हातात न घेतलेल्या माणसाला सुद्धा बिनधास्त द्यावं असं. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने, ती देशस्थ ब्राह्मण, हे सलग वाचलं आणि मला बायबलमधल्या इयोबावर असले प्रश्न विचारले की मला उत्तरं द्यायला रविवारपर्यंत मुदत मागावी लागली.

अभ्यासाच्या पुस्तकांबद्दल माझा अनुभव असा की जाडजूड स्टडी बायबल (खाली टिपा असलेलं) घेऊन तरुण संघातली मुलं पहिला महिना फार उत्साहात असतात आणि मग ते कपाटावर जातं. त्यापेक्षा येशूचं चरित्र सांगणारं एकच शुभवर्तमान निवडा, समजा मार्क, सगळ्यात छोटं, आणि त्यावरचं एक भाष्य घ्या. इंग्रजी चालत असेल तर 2015 मध्ये आलेलं साऊथ एशिया बायबल कॉमेंटरी बघा, एकाच खंडात सगळं बायबल आहे, लिहिणारे लोक आपल्याच भागातले, त्यामुळे जात, कर्मकांड, शेजारी दुसऱ्या धर्माचे, हे आपले रोजचे प्रश्न त्यात येतात. अमेरिकेतल्या उपनगरात बसून लिहिलेल्या भाष्यात ते येत नाहीत, तिथे उदाहरणं बेसबॉलची असतात. मराठीतलं भाष्य घेताना नुसतं नाव बघू नका, आत उघडा, कुठल्या बायबलमधली वचनं उद्धृत केलीत ते बघा, कारण पुस्तकात एक आणि आपल्या हातातल्या प्रतीत दुसरंच असलं की बायबल क्लासमध्ये अर्धा तास तेच जुळवण्यात जातो. आणि लेखक कोण, कुठल्या मंडळीचा, मूळ पुस्तक कुठल्या साली आलं हे छापलेलंच नसेल तर मी ते परत ठेवते. ज्याने लिहिलं त्याला आपलं नाव सांगायचं नाही मग मी का वाचू? कॅथलिक पुस्तकांचं एक बरं असतं, पहिल्या पानांत बिशपांची छापायची परवानगी असते, निदान कुणीतरी जबाबदार माणसाने वाचलंय एवढं कळतं. आपल्याकडे तसलं काही नाही, आपली चाळणी आपणच.

आता ज्या पुस्तकांवर माझा खरा राग आहे ती. "बी पेरा आणि शंभरपट कापा" टाइपची, म्हणजे तुम्ही देणगी द्या देव तुम्हाला फ्लॅट देईल. आणि दुसरी, मी स्वर्गात जाऊन परत आलो, तिथे रस्ते असे होते आणि अमुक तमुक भेटला. स्टॉलवर सगळ्यात पुढे हीच. मी कुणाच्या साक्षीला खोटं म्हणत नाही पण नवरा आजारी असलेल्या बाईच्या हातात पहिल्या प्रकारचं पुस्तक पडलं की तिला वाटायला लागतं आपला विश्वासच कमी पडला म्हणून हे आलं, आणि मग तिच्याशी बोलायला बसावं लागतं आम्हाला. आमच्या कपाटात मी ती ठेवत नाही, कुणी फुकट दिली तरी नाही, त्यावरून थोडं राजकारण पण झालंय, असो.

भाषेची परीक्षा सोपी आहे. मधलं कुठलंही पान काढून एक परिच्छेद मोठ्याने वाचा. दुसऱ्या वाक्याला श्वास संपला किंवा हे मराठीत कुणी बोलतं तरी का असं वाटलं तर खाली ठेवा, आतला उपदेश कितीही सोन्यासारखा असू दे.

आणि मग येतं माझं लाडकं खातं, विरंगुळा म्हणून वाचायची पुस्तकं. इथे लोकांना वाटतं ख्रिस्ती पुस्तक म्हणजे उपदेशच असणार. अहो लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या की! 1934 पासून भागाभागाने आलेलं पुस्तक, आणि आजही आमच्या कपाटातली ती प्रत जागेवर कधी सापडत नाही. सोवळ्याओवळ्याने सगळ्या घराला वेठीला धरणारे वडील, खिशात पैसा टिकू न देणारे कवी नवरा नारायण वामन टिळक, 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर तुटलेला संसार, मग पुन्हा एकत्र येणं, आणि हे सगळं बाई अशा काही खुसखुशीत सांगतात की हसता हसता कधी डोळे भरून येतात कळत नाही. विशेष म्हणजे त्या कुठे कुणाला पटवायला जात नाहीत. त्यांचा स्वतःचा विश्वास इतका हळूहळू, कुरबुरी करत, वाद घालत बदलतो की प्रवचनापेक्षा जास्त कळतं. नगरच्या प्लेगचा भाग तर आम्ही महिला मंडळात मोठ्याने वाचला होता, कोरोनाच्या दिवसांनंतर. घेताना पूर्ण प्रत बघून घ्या, संक्षिप्त पण मिळते आणि ती शाळेतल्या धड्यासारखी वाटते. अमराठी सुनेला द्यायचं असेल तर शांता गोखल्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण अभिमानाने नाव घेतो, पण खरं सांगू, विरंगुळा म्हणून हातात घेतलंत तर कंटाळाल. विधवांचे हाल वाचून आजही काटा येतो, मात्र मध्ये मध्ये गोष्ट थांबते आणि व्याख्यान सुरू होतं. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' जास्त रंगतं, बेळगावचं घर, घरातली भक्ती, मुंबईतलं शिक्षण, मनातली ओढाताण. आधी ते वाचा. एक सावधगिरी, ही जुनी पुस्तकं ऑनलाइन मागवाल तर जरा जपून. मी एका साइटवरून असंच एक जुनं पुस्तक मागवलं तर आलं काय, जुन्या प्रतीचा स्कॅन तसाच छापून बाइंड केलेला, डावीकडची अक्षरं शिवणीत गेलेली, एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, आणि किंमत नव्या पुस्तकाची. परत करायला गेले तर "प्रॉडक्ट योग्य स्थितीत आहे". असली पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर शोधली तर बऱ्याचदा फुकट मिळतात, अंगठ्यासकट.

ज्यांना थोडा दम आहे त्यांनी फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' घ्यावं. शाळेत "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" एवढंच पाठ करून आपण सोडून दिलं. 1616 मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापलेलं, दहा हजारांवर ओव्या, लिहिणारा इंग्लंडमधून आलेला जेझुइट. फादर नेल्सन फलकाव यांची 2009 ची आवृत्ती घ्या, देवनागरीत मूळ ओव्या आणि सोबत आजच्या मराठीत अर्थ. सलग वाचायच्या भानगडीत पडू नका, मोठ्याने थोडं थोडं वाचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, आम्ही रोज संध्याकाळी थोडं वाचायचं ठरवलं, तर माझ्या सासूबाई, ज्यांना पुस्तक म्हटलं की झोप येते, त्याच चाल लावून म्हणायला लागल्या, कारण लहानपणी त्यांनी ओव्या ऐकलेल्या.

मुलांच्या पुस्तकांत मात्र निराशा आहे. चित्रं चकचकीत, पण प्रत्येक पुस्तकात येशू गोरापान, निळ्या डोळ्यांचा, आणि मजकूर असा की "नोहा खूप आनंदी होता". आपल्याच पुण्यात राहून आंजेलो दा फोन्सेकांनी साडी नेसलेली मरिया रंगवली, त्यांना जाऊन पण आता 50 वर्षांच्या वर झाली, आणि आपल्या पोरांच्या हातात अजून हीच चित्रं! शब्बाथ शाळेसाठी (संडे स्कूलसाठी) मी ही पुस्तकं घेणंच बंद केलं, टीचरच गोष्ट सांगतात आणि पोरं चित्रं काढतात. गेल्या वेळी एकाने योनाच्या माशाला मुळामुठेत सोडलं होतं.

राहता राहिलं 'उपासना संगीत', म्हणजे आपलं चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक. ते नवीन घेणार असाल तर बाइंडिंग ओढून बघा, शिवलेलं असेल तर घ्या, नुसतं चिकटवलेलं असेल तर दोन नाताळ पण टिकत नाही, टिळकांची भजनं असलेली पानंच आधी सुटतात कारण तीच सारखी उघडली जातात. आमच्या आजीबाईंच्या बाकासाठी मोठ्या अक्षरातली, शिवलेल्या बाइंडिंगची प्रत मी अजून शोधतेय. नगर, नाशिक, सोलापूर, कुठल्या दुकानात कुणी बघितली असेल तर खाली लिहा, मी फोन करून मागवून घेईन.