वादळानंतर पऱ्या साफ करताना : जेसीबी की कोयता-करवत?

श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या माड-पोफळीच्या वाडीच्या कडेने वाहणारा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, मी दोन वादळांनंतर दोन वेगवेगळ्या रीतींनी साफ करून घेतला आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जेसीबी बोलावला होता. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कोयते, करवती, एक चेनसॉ आणि दोरखंड घेऊन गावातील सहा माणसांनी तेच काम केले. या दोहोंतून निवड करण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

प्रथम यंत्राच्या बाजूने जे सांगायला हवे ते सांगतो. निसर्ग आले ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, म्हणजे भरतीचे पाणी सर्वांत जास्त चढते त्या उधाणाच्या दिवसांत. त्यामुळे वरून वाहून आलेली पोफळींची खोडे, झावळ्या आणि घरांचे पत्रे खाडीत निघून न जाता रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेल्या मोरीच्या तोंडाशी येऊन घट्ट बसले होते. वीज नव्हती, टाळेबंदीमुळे माणसे मिळत नव्हती, आणि पाऊस दाराशी उभा होता. अशा वेळी जेसीबीने दीड दिवसात पाण्याला वाट करून दिली. ती वाट झाली नसती तर पहिल्याच मुसळधार पावसात पाणी मोरीवरून रस्त्यावर आणि तेथून खालच्या घरांत शिरले असते, म्हणून त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो ढिगाचा. जेसीबीच्या बकेटला निवड करता येत नाही; ती खोड उचलते तेव्हा त्याच्याबरोबर झावळ्या, कौलांचे तुकडे, नायलॉनची जाळी, वाकलेला पत्रा आणि या सर्वांना चिकटलेला गाळ एकत्र उचलते आणि काठावर ओतते. आमच्या काठावर असा पुरुषभर उंचीचा ढीग उभा राहिला. त्यातील खोडे कापायला घेतली, तर गाळातल्या वाळूने चेनसॉची साखळी थोड्या वेळातच बोथट होई. सरपणासाठी लाकूड न्यायला कोणी तयार नव्हते, पत्रे आणि जाळ्या आत गुंतल्यामुळे जाळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि उचलून नेण्यासाठी टेम्पो काठापर्यंत येत नव्हता. शेवटी तो ढीग पावसाळाभर तसाच राहिला. त्याचा पायथा जुलैच्या पुरात पुन्हा पऱ्यात गेला, ते वेगळेच.

पुढच्या फेब्रुवारीत ढीग उकरला, तेव्हा कुजलेल्या माडाच्या खोडात अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या वेटोळे करून पडलेल्या दिसल्या. त्या गेंड्या भुंग्याच्या होत्या. कुजणारे माडाचे खोड हे या भुंग्याचे आवडते बाळंतघर असते, हे वाडीवाल्यांना सांगायला नको. पडलेल्या झाडांच्या जागी त्याच पावसाळ्यात मी माडाची 40 रोपे लावली होती. पुढच्या वर्षभरात त्यांची नवी पाने उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसत, आणि कोंबच पोखरला गेल्याने 13 रोपे मेली. भुंगे आमच्याच ढिगातून आले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण आसपासच्या वाड्यांतही माड पडून कुजत होते. परंतु सर्वांत जास्त नुकसान ढिगाजवळच्या दोन ओळींत झाले, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

तौक्तेनंतर म्हणूनच माणसे लावली. काम 11 दिवस चालले आणि मजुरीचा खर्च जेसीबीच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. शिवाय त्या वेळी पावसाला अजून तीन आठवडे होते आणि पडझडही कमी होती, तेव्हा ही तुलना अगदी समसमान नाही हे मान्य करायला हवे. मात्र मोरीपासून वरच्या अंगाला सरकत माणसांनी आधी झावळ्या तोडून बाजूला केल्या, मग खोडांचे चार-चार फुटांचे तुकडे करून दोराने वर ओढले, आणि पत्रे, काच, जाळ्या वेगळ्या पोत्यांत भरल्या. स्वच्छ निघालेल्या पोफळींच्या रिपा झाल्या, माडाचे ओंडके चिरून उन्हात वाळवले, झावळ्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादनासाठी वापरल्या. पाऊस सुरू झाला तेव्हा काठावर कुजण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसरा फरक मला नंतर उमगला. जेसीबीने तळ खरवडून सपाट केला होता, आणि काठात रुतलेली मुळेही उपटली होती; त्या वर्षी काठ दोन ठिकाणी ढासळला. माणसांनी मात्र प्रवाहाला अडथळा न करणारी, काठाला समांतर पडलेली तीन खोडे आणि मुळांसकट रुतलेले खुंट सांगितल्याप्रमाणे जागीच ठेवले. जुलैत वलगणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे, चढू लागले, तेव्हा त्या खोडांच्या आडोशाला ते विसावलेले मी पाहिले. पऱ्यातील प्रत्येक लाकूड म्हणजे कचरा, ही माझी जुनी समजूत तेव्हा गेली.

पऱ्या जेथे खाडीला मिळतो, त्या खाजणातील, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीतील, कांदळवनात तर यंत्राचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळे गाळाखाली दाबली गेली की झाड उभ्या उभ्या गुदमरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालाने कांदळवनाबरोबर त्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे, त्यामुळे तेथे हात घालण्यापूर्वी वनविभागाला विचारणे आवश्यक आहे. आम्ही विचारून, ओहोटीच्या वेळी चिखलावर फळ्या टाकून, फक्त जाळ्या, प्लास्टिक आणि पत्रे हाताने काढले. आडवे झालेले तिवर तसेच सोडले, आणि त्यांतील काहींना पुन्हा फूट आली.

मोरी तुंबून घरांना धोका असेल, तर जेसीबी जरूर बोलवावा. पण तो रस्त्यावरच उभा करावा, अडकलेले मोठे खोड तारेच्या दोराने बांधून तेवढेच उचलून घ्यावे, आणि बाकीचे काम माणसांवर सोपवावे. त्याआधी सकाळच्या ओहोटीला स्वतः पऱ्यातून एक फेरी मारावी आणि जी खोडे राहू द्यायची आहेत त्यांवर चुन्याचा पट्टा ओढावा, कारण काम एकदा सुरू झाले की काठावर उभे राहून प्रत्येक खोडासाठी थांबवणे शक्य होत नाही.