रेशीम-मेरिनो की नुसती मेरिनो? कार्डिगनला टाके घालण्याआधी

दोन्ही लडी शेजारी ठेवल्या की हात आपोआप रेशमाच्या लडीकडे जातो. माझाही गेला होता. निम्मं रेशीम, निम्मी मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), वर्स्टेड म्हणजे मध्यम जाडी, गडद निळा रंग, आणि उजेडात धरली की एका अंगाने जांभळट झाक. तिच्याशेजारी नुसती मेरिनो अगदीच गरीब स्वभावाची वाटते.

लेबलं वाचून ही निवड होणार नाही. सुई तीच, पाच मिमी. दहा सेंमीत टाके तेवढेच, अठराच्या आसपास. मी एकच कार्डिगन, त्याच मापाचं, आधी मेरिनोत विणलं आणि वर्षभराने रेशीम-मेरिनोत. पुढचं सगळं त्या दोन कार्डिगनांवरून सांगतोय. तुमचा हात वेगळा असेल तर अनुभवही थोडा वेगळा येईल.

विणताना रेशमाचं मिश्रण बोटांना फार सुखाचं. फक्त धातूच्या सुयांवर घेऊ नका. टाके घसरतात, आणि अणकुचीदार सुईचं टोक पेडांच्या मधोमध घुसून अर्धाच टाका उचलतं. बांबूच्या, जराशा बोथट सुयांवर हा त्रास बराच कमी झाला. दुसरी गोष्ट मात्र सुया बदलून गेली नाही. माझी उलट ओळ सुलट ओळीपेक्षा किंचित सैल पडते, कित्येकांची पडते. मेरिनोत एकदा धुतलं की हे दोष आपसांत मिटून जातात. रेशमाच्या चकाकीत तेच दोष उठून दिसले. पाठीवर आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि त्या कोणी मुद्दाम घातल्यात असं म्हणावं इतक्या नियमित! तो भाग शेवटी उसवून, उलट ओळ मुद्दाम आवळत पुन्हा विणावा लागला.

टोकं जोडण्यातही मेरिनो सोयीची. दोन्ही टोकांचे पेड उलगडून, ओलं करून तळहातांमध्ये रगडलं की ती एकमेकांत घट्ट गुंततात, गाठ नको की सुई नको. रेशीम असं गुंतत नाही. निम्मं रेशीम असलेला असा जोड हलका ओढला तरी सुटतो. मग टोकं सुईने आत ओवा, आणि ती निसटू नयेत म्हणून दिशा बदलून पुन्हा ओवा.

पण यातल्या कशानेही माझा निर्णय झाला नाही. तो झाला मनगटाच्या बॉर्डरवर.

दोन सुलट-दोन उलट विणीत सुलट टाक्यांचे खांब पुढे येतात, उलट टाके मागे दडतात, म्हणून बॉर्डर आवळून बसते. ताणली की पसरते, सोडली की मिटते. हे मिटणं विणीइतकंच धाग्यावरही असतं. मेरिनोचा तंतू मुळात कुरळा. ताणला तरी परत आपल्या वळणावर जातो. रेशमाचा तंतू सरळ. मजबूत खरा, पण एकदा ताणला की तसाच राहायला बघतो. पहिले आठ दिवस सगळं छान होतं. मग काम करताना बाह्या कोपरापर्यंत सारल्या की त्या घसरत मनगटावर यायच्या, आणखी थोड्या दिवसांनी तर बोटांच्या पेरांपर्यंत. हात धुवायला गेलं की बाहीच आधी भिजायची. दिवसातून वीस वेळा बाही वर सारायची, हे मी सबंध एक हिवाळा केलं.

उपाय केले, नाही असं नाही. बॉर्डर उसवून चार मिमीवर पुन्हा विणली; महिनाभर टिकली. आतून बारीक इलॅस्टिकचा धागा ओवला, पण तो त्वचेला कळत राहतो. मधल्या काळात घेरही चार बोटं खाली उतरला होता. नमुन्याचा तुकडा मी विणला होता, धुऊन, आडवा सुकवून मोजलाही होता. माप बरोबर होतं. पण त्या तळहाताएवढ्या तुकड्याला अख्ख्या कार्डिगनचं वजन कुठे पेलायचं होतं? तुम्ही रेशमाकडे वळणार असाल तर निदान मोठा तुकडा विणा, खाली चिमटे लावून दोन दिवस टांगून ठेवा आणि मग मोजा. बाजूला शिवण असलेला नमुना निवडलात तर ती शिवण थोडं वजन सावरते.

मेरिनोतही खोट आहेच. काखेत आणि खिशापाशी गोळे येतात, एकपेडी घेतलीत तर लवकरच. रेशमाच्या मिश्रणाला ते थोडे उशिरा आले, एवढंच. कसर दोघींनाही लागते. आणि मी म्हणतोय ती साधी, प्रक्रिया न केलेली मेरिनो. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो पाण्यातून निघाली की तीही चांगलीच सैलावते, तळहातात रगडून जुळतही नाही. ती घेणार असाल तर माझा अर्धा युक्तिवाद बाद.

शाल, स्कार्फ, जाळीचं काम असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. तिथे सोडलं की लोंबणं हाच गुण, आणि रेशमासारखं अंगावर पडणारं दुसरं काही मी तरी हाताळलेलं नाही. मानेपाशी मऊही तेच जास्त. बिनबाह्यांचं जाकीटही चालेल. वेण्यांचं डिझाइन असेल तर मात्र मेरिनो. रेशमात वेणी जरा चपटी पडते. आणि रोज अंगात घालायचं, बाह्या सारून कामाला लागायचं कार्डिगन असेल तर, तुमची मर्जी, पण मी मेरिनोच्याच लडी उचलीन. रेशमाचा मोह सुटत नसेल तर पाचवा हिस्सा रेशीम असलेलं मिश्रण बघा.

माझं निळं कार्डिगन मी गेल्या महिन्यात उसवलं. उसवताना मात्र रेशमाने जराही त्रास दिला नाही, ओळीमागून ओळ सरसर सुटत गेली. धागा लडी करून धुतला आणि खाली वजन बांधून वाळवला. आता त्याची शाल चालली आहे, साडेपाच मिमीवर, जाळीची. हातभर झालीय.