बारा आठवड्यांचे प्रमाणपत्र : ऑनलाइन सत्रात विधी विद्यार्थ्यांची झालेली फसवणूक

विधी शाखेच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ही अट आहे. २०२०-२१ च्या ऑनलाइन सत्रात सोलापुरातील आम्हा काही विद्यार्थ्यांना ज्यांनी फसवले, त्यांना ही अट पक्की ठाऊक होती आणि ती पूर्ण कशी करायची या काळजीत आम्ही आहोत, हेही ठाऊक होते. अशा जाहिराती आजही विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत असल्यामुळे तो सारा प्रकार तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी तेव्हा एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृहे रिकामी झाली आणि बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याची मुले आपापल्या गावी परतली. तासिका मोबाईलवर सुरू झाल्या आणि सूचनाही मोबाईलवर येऊ लागल्या. महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागणाऱ्या कागदाला जावक क्रमांक असे, प्राचार्यांची सही आणि शिक्का असे. तो कागद कोणी लावला आणि कोणाच्या परवानगीने लावला, हे शिपायाला विचारले तरी कळत असे. व्हॉट्सअॅपवरच्या वर्गाच्या ग्रुपवर मात्र परीक्षेच्या अर्जाची मुदत, वेबिनारची लिंक, अभिरूप न्यायालय स्पर्धेचे पत्रक, एखाद्या पुस्तकाची पीडीएफ आणि इंटर्नशिपची जाहिरात हे सगळे एकाखाली एक, एकाच रूपात येऊन पडत होते. त्यातले महाविद्यालयाचे कोणते आणि बाहेरचे कोणते, हे ओळखण्याची खूण उरली नव्हती.

दुसरीकडे जिल्हा न्यायालयाचे कामकाज मर्यादित वेळेत आणि निवडक प्रकरणांपुरते चालले होते. ज्या वकिलांकडे आम्ही एरवी इंटर्नशिपसाठी गेलो असतो, त्यांना आपल्या ज्युनिअरनाच काम देता येत नव्हते. वर्ष असेच गेले तर १२ आठवडे कसे भरणार, हा प्रश्न वर्गात जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होता.

अशा वेळी ती जाहिरात आली. ‘सहा आठवड्यांची ऑनलाइन विधी इंटर्नशिप, उच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकिलांचे मार्गदर्शन, बारा आठवड्यांचे प्रमाणपत्र, तयार इंटर्नशिप डायरी, शोधनिबंधाची हमखास प्रसिद्धी’ असा तिचा मजकूर होता. वरच्या कोपऱ्यात अशोकस्तंभाच्या सिंहांची राजमुद्रा, खाली ‘भारत सरकार नोंदणीकृत’, ‘एमएसएमई प्रमाणित’ आणि ‘आयएसओ’ अशी तीन गोल चिन्हे होती. नोंदणी शुल्क १,४९९ रुपये, जागा मर्यादित, मुदत त्याच रात्री बारा वाजेपर्यंत. ती कोणा अनोळखी क्रमांकावरून आली असती तर बहुतेकांनी उघडूनही पाहिली नसती. ती आमच्या पुढच्या वर्षातल्या एका दादाने टाकली होती. नोट्स देणारा, परीक्षेचा अर्ज कसा भरायचा ते फोनवर समजावून सांगणारा, सगळ्यांच्या विश्वासातला मुलगा. ‘मी स्वतः जॉइन झालोय, बिनधास्त करा,’ असे त्याने खाली लिहिले होते आणि ते खोटे नव्हते.

त्या जाहिरातीतल्या चिन्हांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अशा जाहिरातींचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा असतो. एमएसएमईची, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची, ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती ऑनलाइन, विनामूल्य आणि स्वयंघोषणेवर होते. पापडाचा घरगुती व्यवसाय असो वा झेरॉक्सचे दुकान, कोणालाही ती मिळते, आणि मिळायलाही हवी, कारण ती लघुउद्योगांच्या सोयीसाठी आहे. तिच्यामुळे सरकारने त्या व्यवसायाचा अभ्यासक्रम किंवा प्रमाणपत्र तपासले, असे मुळीच होत नाही. आयएसओ ही संघटना मानके ठरवते, ती स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही. ते काम निराळ्या प्रमाणन संस्था करतात. नुसते चिन्ह छापले म्हणून कोणत्या संस्थेने कशाचे प्रमाणन केले, हे कळत नाही. राजमुद्रेचा असा अनधिकृत वापर तर भारतीय राजचिन्ह (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, २००५ नुसार गुन्हा आहे. आणि सर्वांत ठळक विसंगती जाहिरातीच्या मजकुरातच होती. ज्या नियमांत १२ आठवड्यांची अट आहे, त्याच नियमांत कोणत्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येणार नाही, असेही म्हटले आहे. म्हणजे सहा आठवड्यांत बारा आठवडे भरून देणारे प्रमाणपत्र खऱ्याखुऱ्या वकिलाने दिले असते, तरी ते नियमात बसले नसते.

पैसे भरल्यावर एक गुगल फॉर्म आला. त्यात आधार कार्ड, छायाचित्र, मागील सत्राची गुणपत्रिका आणि सहीचा नमुना अपलोड करायचा होता. मग आम्हाला एका ग्रुपमध्ये घेतले गेले, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकत असे. विद्यार्थ्यांना आपापसात बोलायला जागाच ठेवलेली नव्हती, आणि ही व्यवस्था किती विचारपूर्वक केलेली होती ते पुढे लक्षात आले. दर आठवड्याला काम येई : एखाद्या निवाड्याचा सारांश लिहा, ग्राहक संरक्षण कायद्यावर पंधराशे शब्दांचा लेख लिहा, करारनाम्याचा मसुदा तयार करा. आम्ही ते मनापासून केले. मंगळवेढ्याची माझी मैत्रीण रेंजसाठी गच्चीवर बसून लेख पाठवत असे. तपासून कधीच काही परत आले नाही, मार्गदर्शक वकिलांचे एकही सत्र झाले नाही, आणि काही आठवड्यांनी माझाच लेख एका संकेतस्थळावर दुसऱ्याच नावाने मला वाचायला मिळाला. शुल्क घेऊन वर फुकट मजकूर लिहून घेण्याचा हा धंदा होता.

त्यानंतर शोधनिबंधाची पाळी आली. प्रसिद्धीसाठी ९९९ रुपये वेगळे, आणि नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक आहे म्हणून ते ‘मान्यताप्राप्त’. वास्तविक आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक असतो. त्यावरून त्यातल्या लेखनाचा दर्जा किंवा कोणाची मान्यता सिद्ध होत नाही. तो क्रमांक कोणत्या नियतकालिकाचा आहे, हे आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आम्हाला दिलेला क्रमांक तिथे टाकला तेव्हा तो कायद्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्याच नियतकालिकाचा निघाला. पण तोवर वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते ९९९ रुपयेही भरले होते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीची आई विड्या वळते. त्या घरातून १,४९९ आणि वर ९९९ रुपये निघणे म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या प्रकारातला सर्वांत घातक भाग मात्र वेगळाच होता. नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘जिल्हा समन्वयक’ असे पद देण्यात आले होते. दहा विद्यार्थी आणले की स्वतःचे शुल्क परत, आणि पुढच्या प्रत्येकामागे थोडी रक्कम. आमच्या दादाने जाहिरात टाकली ती या पदामुळे. ‘आमच्या खात्याला दिवसाची मर्यादा येते, म्हणून तुमच्या भागातले पैसे तुमच्या यूपीआयवर घ्या आणि एकत्र करून आम्हाला पाठवा,’ असे या समन्वयकांना सांगितले गेले होते. त्यामुळे आम्ही पैसे भरले ते कुठल्याच संस्थेच्या खात्यात गेले नाहीत. ते आमच्याच ओळखीच्या मुलाच्या खात्यात गेले आणि तिथून पुढे परराज्यातल्या एका खात्यात.

प्रकार उघडकीस आला तो महाविद्यालयातल्या इंटर्नशिपचे काम पाहणाऱ्या मॅडममुळे. आम्ही जमा केलेल्या प्रमाणपत्रांवर मुंबईतल्या एका वकिलांची सही होती. त्यांचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा क्रमांक, कुठेच नव्हता, म्हणून मॅडमनी त्यांचा दूरध्वनी शोधून थेट त्यांनाच विचारले. ते गृहस्थ चकित झाले. त्यांनी एका विनामूल्य वेबिनारमध्ये तासभर व्याख्यान दिले होते आणि त्या वेबिनारच्या सहभाग प्रमाणपत्रासाठी आपल्या सहीचे छायाचित्र पाठवले होते. तीच सही उचलून आमच्या प्रमाणपत्रांवर चिकटवलेली होती. मॅडमनी सगळी प्रमाणपत्रे नाकारली. आम्ही ग्रुपच्या ॲडमिनला जाब विचारायला गेलो, तेव्हा ग्रुप बंद झालेला आणि क्रमांक लागेनासा झालेला होता.

आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि नंतर पोलिसांत जबाबही दिले. त्या काळातला गुन्हा असल्यामुळे भारतीय दंड संहितेचे कलम ४२० आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ड ही कलमे त्याला लागू होत होती. १ जुलै २०२४ पासूनच्या अशा प्रकाराला दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होईल. पैशांचा माग काढताना पहिले नाव आले ते दादाचे, कारण यूपीआयच्या पावत्यांवर त्याचाच उल्लेख होता. त्याचे खाते गोठवले गेले. त्यात त्याच्या शिष्यवृत्तीची रक्कम होती. त्याने एक पैसाही स्वतःकडे ठेवला नव्हता, पण हे सिद्ध करण्यासाठी त्याला व्यवहारांचे सगळे तपशील, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि पुढे पाठवलेल्या रकमांचे पुरावे घेऊन वारंवार जावे लागले, आणि ज्याला पुढे सनदेसाठी अर्ज करायचा आहे अशा मुलाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. आमचे पैसे परत आले नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की जिल्हा समन्वयक, कॅम्पस ॲम्बॅसेडर वगैरे पदे देऊन विद्यार्थ्यांच्या खात्यातून पैसे फिरवणारी योजना ही नुसत्या खोट्या प्रमाणपत्राहून अधिक वाईट आहे, कारण तिच्यात फसलेला मुलगाच कागदोपत्री फसवणारा ठरतो.

या सगळ्या काळात खरी साधने उपलब्ध होतीच, आणि ती बहुतांशी विनामूल्य होती. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क लागते. ‘इंडिया कोड’वर केंद्रीय कायदे आहेत, ‘इंडियन कानून’वर निवाडे आहेत, आणि ऑक्टोबर २०२० पासून गुजरात उच्च न्यायालयातील मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाचे कामकाज यूट्यूबवर थेट दिसू लागले होते, युक्तिवाद कसा करतात ते घरबसल्या पाहण्याची ती मोठी संधी होती. पण यांपैकी कशाचीही जाहिरात ‘आज रात्री बारापर्यंत’ अशा भाषेत येत नसल्यामुळे ती आमच्या ग्रुपवर कधी आलीच नाही. इंटर्नशिपसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महाविद्यालयामार्फत रीतसर विचारणा करता येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग ऑनलाइन इंटर्नशिप घेतो आणि त्यासाठी विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाही. निर्बंध उठल्यावर मी माझे आठवडे सोलापूरच्या न्यायालयात एका स्थानिक वकील मॅडमकडे पूर्ण केले. त्यांनी शुल्काचा विषयही काढला नाही, मात्र रोजनाम्याच्या, म्हणजे न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या, नकला मिळवण्यासाठी पुष्कळ फेऱ्या मारायला लावल्या.

इंटर्नशिपची कोणतीही जाहिरात आली, तर ती कोणी पाठवली याला महत्त्व न देता ती मुळात कोणी काढली ते पाहावे. वकिलाचे नाव असेल तर सनद क्रमांक मागावा, राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडून तो पडताळावा आणि जाहिरातीतला क्रमांक सोडून दुसरीकडून मिळवलेल्या क्रमांकावर त्या वकिलांशी एकदा बोलावे. कंपनीचे नाव असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद शोधता येते. पैसे व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले गेले, तर तिथेच थांबावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता असते. ग्रुपमधून बाहेर पडण्यापूर्वी संपूर्ण संभाषण निर्यात करून ठेवावे. आमच्यातल्या अनेकांनी रागाच्या भरात आधी ग्रुप सोडला आणि पुराव्यासाठी मग इतरांचे मोबाईल शोधावे लागले. आधार आणि सहीचा नमुना दिला असल्यास तक्रारीत त्याचाही स्वतंत्र उल्लेख करावा आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घ्यावे. असे प्रमाणपत्र महाविद्यालयात जमा झालेले असेल, तर लेखी पत्र देऊन ते स्वतःहून मागे घ्यावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.