दाट ग्रॅफाइट: जुनी वाट की नवी?

जळगाव एमआयडीसीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, सोन्याच्या लगडींसाठी ग्रॅफाइटचे साचे करायचेत. कुठली पद्धत धरू?"

जुन्या पद्धतीत पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणात उरणारा कार्बन) डांबराच्या पिचमध्ये, म्हणजे डांबराच्या घट्ट, चिकट गाळात, मळून भाजतात. पिचमधले वायू निघून जातात आणि मागे बारीक भोकं उरतात. ती बुजवायला पुन्हा पिच पाजायचं, पुन्हा भाजायचं. यात महिने जातात, पण माल स्वस्त आणि ठोकळा मोठा.

नव्या पद्धतीत मेसोफेज पावडर (पिच तापवून काढलेली कार्बनची बारीक पूड) वापरतात. ती स्वतःच चिकटते, पिच पाजावं लागत नाही. वेळ खूप वाचतो. पावडर मात्र महाग, आणि भाजताना इतकी आकसते की जाड ठोकळा घाईत तापवला तर तडकतोच.

कार्बनचं ग्रॅफाइट करणारी शेवटची 2500 अंश सेल्सिअसपुढची भट्टी दोन्हींना लागते. वीजबिल चुकत नाही.

भाच्याच्या छोट्या, बारीक पोताच्या साच्यांना मेसोफेज. मोठे इलेक्ट्रोड हवे असतील तर जुनीच वाट.