जोत्याच्या ओलीवर केलेली कामं: एक पावसाळा काढल्यानंतर

आमचं घर रत्नागिरीजवळचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू. जुन्या घरांच्या जोत्यात सहसा डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा थर, नसते, तशी आमच्याही नाही. माजघराच्या भिंतींना कंबरेपर्यंत ओल चढायची, रंगाचे पोपडे सुटायचे आणि ओलीच्या वरच्या कडेला खाराची पांढरी पूड धरायची. आईची खाट त्याच भिंतीला लागून, आणि तिला दमा. गेल्या उन्हाळ्यात तीन कामं करून घेतली: बाहेरची चर, एका भिंतीत इंजेक्शन क्रीम (भिंतीत भोकं पाडून भरायचं, ओल वर चढू न देणारं रसायन) आणि चुन्याचा गिलावा. आता थंडी पडली आहे, म्हणून लिहिते.

आधी ओल कुठून येते ते बघा. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा केला, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांना टेप मारून लावला आणि दोन दिवस तसाच ठेवला. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ती हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतली. आमचा खालचा तुकडा मागून ओलाचिंब निघाला, छातीच्या उंचीवरचा कोरडा. भिंतीला टोचून ओल मोजायच्या मीटरवर फार विसंबू नका, खार असले तरी त्याचा आकडा चढतो.

खरा गुण आला तो चरीचा. अंगणाचा कोबा थरावर थर चढत आतल्या फरशीच्या बरोबरीला आला होता. बाहेरची जमीन फरशीपेक्षा निदान सहा इंच तरी खाली हवी. त्यात पागोळ्या कोब्यावर आपटून भिंतीचा पाया सतत भिजायचा. आमचे गवंडी जुने जाणते. ते म्हणाले, "वहिनी, आधी बाहेरचं पाणी तोडा, मग आतल्या भिंतीला हात लावू." भिंतीलगतचा कोबा फोडून उथळ चर काढली, पायाखाली न जाता. तिला पऱ्याकडे (ओढ्याकडे) उतार दिला, तळाशी भोकांचा पाइप टाकून वर खडी भरली, कौलांना पन्हळ लावली. आषाढातल्या झडीतही बाहेरच्या भिंतींचा खालचा भाग पूर्वीसारखा काळा पडला नाही.

क्रीम फक्त मधल्या नऊ इंची विटांच्या भिंतीला घेतलं, कारण ती घराच्या आत असल्यामुळे चरीचा तिला फारसा उपयोग नाही. खालच्या सांध्यात दर १२ सेंटीमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून ते भरतात. तिथली ओल कमी झाली आहे, पण भिंत अजून पूर्ण सुकलेली नाही. भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरतात, आणि कोकणातले पावसाळी महिने त्यात धरण्यात अर्थ नाही. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला मात्र मी हे सुचवणार नाही. मातीच्या सांध्यात भोक धड टिकत नाही आणि जांभ्याच्या पोकळ्यांत क्रीम कुठे जातं ते कळत नाही.

जुना सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढला. त्यात मुरलेले खार दमट हवेतलं पाणी ओढत राहतात, म्हणून तो ठेवून उपयोग नव्हता. नव्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडून वाळते. भाद्रपदात त्यावर थोडी पांढरी पूड आली, ती कोरड्या ब्रशने झाडली. पाण्याने पुसली तर खार परत आत मुरतात. वर पुट्टी नाही, ऑइलपेंट नाही, फक्त चुन्याची सफेदी. कपड्यांना लागते, हे खरं.

आतून मारायच्या वॉटरप्रूफ कोटिंगला माझा ठाम नकार. आमच्याकडे पूर्वी ते होतं, तेव्हा ओल त्याच्यामागून वर सरकली आणि कोटिंग जिथे संपतं तिथे नवी रेघ उमटली.

माजघरातला कुबट वास गेला आहे, आणि आईची खाट तिथेच आहे, फक्त भिंतीपासून वीतभर सुटी. न्हाणीलगतचा कोपरा तेवढा अजून ओला आहे. तिथे सांडपाण्याचा पाइप गळत असावा असा गवंड्यांचा अंदाज आहे. फरशी उचलून तो बघायचं काम होळीनंतर धरलं आहे.